प्रार्थना सुचत नाही, मग बळ कुठून येणार?

प्रश्न वडगाव शेरीहून आला आहे. पत्र लांबलचक आहे, त्याचा गोषवारा असा. लिहिणाऱ्या ताई शाळेत शिकवतात, चर्चच्या गायनमंडळात आहेत, रविवारी संडे स्कूल घेतात. यजमानांच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत आणि वर्षभर आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू आहे. दोन मुलं शिकताहेत. इतके दिवस सगळं निभावलं, पण आता प्रार्थनेला बसलं की शब्द फुटत नाहीत, नाहीतर बसल्या जागी डुलकी लागते. त्यात घरी झालेल्या प्रार्थनासभेत एका ज्येष्ठ बाईंनी सांगितलं, "घरात काही लपलेलं पाप आहे का, ते एकदा तपासा." पत्राचा शेवट असा: "ताई, 'अशक्तपणातच माझी शक्ती पूर्णतेस येते' हे वचन मी मुलांकडून पाठ करून घेतलंय. माझ्या घरात अशक्तपणा भरपूर आहे, शक्ती कुठेच दिसत नाही. माझा विश्वास कमी पडलाय का? आणि मी नक्की करू काय? गायनमंडळ सोडून देऊ का?"

सलाम ताई.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते: नाही. तुमच्या पत्रावरून मला तरी वाटतं, की कमी पडलीय ती झोप, आणि कमी पडलीत ती माणसं. मी आधी परिचारिका होते, नंतर बरीच वर्षं पुण्यातल्या रुग्णालयांत आजारी माणसांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या शेजारी बसण्याचं काम केलं. ज्यांचा विश्वास खरोखर उडालेला असतो ते सहसा असं पत्र लिहीत नाहीत. त्यांना त्याची टोचणी लागत नाही.

आता त्या लपलेल्या पापाबद्दल. यावर फार वेळ घालवायचा नाही. जन्मांध माणसाकडे बघून शिष्यांनी येशूला हेच विचारलं होतं, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? योहानाच्या नवव्या अध्यायात उत्तर आहे: याने नाही आणि त्यांनीही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून 18 माणसं मेली, ती काही यरुशलेमेतली सर्वांत मोठी पापी नव्हती, हेही येशूनेच सांगितलं. बायबलातल्या ईयोबावर संकटं कोसळली आणि त्याचे मित्र भेटायला आले तेव्हा सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर नुसते गप्प बसून राहिले. त्या मित्रांनी केलेलं सगळ्यात चांगलं काम तेच. नंतर त्यांनी तोंड उघडलं, कारणमीमांसा सुरू केली, आणि पुस्तकाच्या शेवटी देवाचा राग भडकला तो ईयोबावर नाही, या मित्रांवर. किडन्या निकामी होतात त्या बहुतेक वेळा मधुमेहाने आणि रक्तदाबाने. त्याची तपासणी किडनीचे डॉक्टर, म्हणजे नेफ्रॉलॉजिस्ट, करतात, प्रार्थनासभा करत नाही.

तुम्ही मुलांना शिकवलेलं वचन आता जरा नीट उघडून बघू. करिंथकरांस दुसरं पत्र, बारावा अध्याय. हे वचन आपण फ्रेम करून भिंतीवर लावतो, पण त्याच्या मागचं-पुढचं वाचत नाही. करिंथच्या मंडळीत त्या वेळी मोठे वक्ते शिरले होते. भपका, शिफारसपत्रं, दृष्टान्तांच्या गोष्टी. त्यांच्यापुढे हे पत्र लिहिणारा प्रेषित पौल लोकांना फिका वाटायला लागला. पत्रं जोरदार लिहितो, पण समोर उभा राहिला की काही दम नाही, असं त्याच्याबद्दल बोललं जात होतं. म्हणून तो म्हणतो, ठीक आहे, मीही फुशारकी मारतो, आणि मग काय सांगतो? दिमिष्क शहरातून पाटीत बसून, तटाच्या खिडकीतून खाली सोडला जाऊन पळालो, हे. देहात एक काटा आहे, तो काढ म्हणून प्रभूला तीनदा विनवलं आणि काटा काही निघाला नाही, हे.

तो काटा कसला होता, हे कोणालाच माहीत नाही. कोणी डोळ्यांचा विकार म्हणतं, कोणी हिवताप, कोणी विरोधकांचा छळ. त्याने नाव सांगितलं नाही ते बरंच झालं, असं माझं मत आहे. नाव सांगितलं असतं तर तो आजार नसलेल्यांनी पुढचं पान उलटलं असतं.

"माझी कृपा तुला पुरे आहे" हे उत्तर त्याला मिळालं तेव्हा काटा तिथेच होता. इथेच आपली गफलत होते. शक्ती आली म्हणजे थकवा गेला, भीती गेली, रडू थांबलं, असं आपण धरून चालतो. मग थकवा दिसला की शक्ती आलीच नाही, असा हिशोब लावतो. पौलाचा हिशोब असा नाही. याच पत्राच्या पहिल्या अध्यायात तो लिहितो, की आशिया प्रांतात आमच्यावर इतकं ओझं आलं की जगण्याचीही आशा उरली नव्हती. हे प्रेषित लिहितोय, आणि आख्ख्या मंडळीपुढे वाचून दाखवायच्या पत्रात लिहितोय. आपल्याकडे साक्ष द्यायला उभं राहायचं ते संकट टळल्यावर. संकट चालू असताना कोणी माईक हातात घेतलेला तुम्ही पाहिलाय? मी फारसा नाही. त्यामुळे मागच्या बाकावर बसलेल्याला वाटतं, बाकी सगळ्यांचं सुटलं, माझंच अडलंय.

याच पत्रातली दुसरी एक गोष्ट मला बाराव्या अध्यायाइतकीच महत्त्वाची वाटते, आणि ती कोणी भिंतीवर लावत नाही. दुसऱ्या अध्यायात पौल त्रोवस शहरात पोचतो. सुवार्तेसाठी दार उघडलेलं आहे, काम समोर तयार आहे. पण त्याचा सहकारी तीत तिथे भेटत नाही आणि पौलाचा जीव थाऱ्यावर राहत नाही. तो काय करतो? लोकांचा निरोप घेतो आणि मासेदोनियाला निघून जातो. उघडं दार तसंच ठेवून. पुढे सातव्या अध्यायात सांगतो, तिथेही शरीराला स्वस्थता नव्हती, बाहेर भांडणं, आत भीती. आणि मग, दीनांचं सांत्वन करणाऱ्या देवाने तीताच्या येण्याने आमचं सांत्वन केलं.

तीताच्या येण्याने! वीज चमकली नाही, दृष्टान्त झाला नाही. एक माणूस प्रवास करून आला, बसला, तिकडच्या बातम्या सांगितल्या. पौलाने याला देवाचं सांत्वन म्हटलं, आणि त्यात काही कमीपणा मानला नाही. तुम्ही शक्ती शोधताय ती प्रार्थनेच्या खोलीत, एकट्याने, रात्री अकरा वाजता, दिवसभर उभं राहून पाय सुजलेले असताना. तिथे ती येत नाही असं मी म्हणणार नाही. पण मी पाहिलंय ते असं, की आजारपणाच्या घरात ती बहुतेक वेळा दारातून येते, चपला काढून, हातात काहीतरी घेऊन. आणि दार उघडायला तुम्हाला "आमचं चाललंय ठीक" हे वाक्य सोडून द्यावं लागतं.

डायलिसिसच्या घरांत काय होतं ते मला माहीत आहे, म्हणून थोडं स्पष्ट लिहिते. दिवसाचं पाणी डॉक्टरांनी मोजून दिलेलं असतं, चहा आणि आमटी धरून. बायको बाटलीवर पेनाने रेघा मारते. उन्हाळ्यात घसा कोरडा पडतो आणि नवरा बेसिनच्या नळाला ओंजळ लावतो. पुढच्या फेरीला यंत्राला जोडण्याआधी वजनकाट्यावर उभं राहिलं की दोन दिवसांत किती किलो वाढले ते दिसतं. तंत्रज्ञ आकडा लिहितो, बायको आकड्याकडे बघते, मग नवऱ्याकडे, नवरा भिंतीकडे. चार तास ती बाहेरच्या खुर्चीत त्या आकड्याचा राग धरून बसते, घरी आल्यावर भांडण होतं, आणि रात्री तिला वाटतं, आजारी माणसावर ओरडणारी मी कसली विश्वासी! तुमच्या पत्रात "मी त्यांच्यावर चिडते" हे वाक्य एकदाच आलंय आणि लगेच खोडलेलं आहे. खोडू नका. ते देवासमोर जसंच्या तसं बोला: "प्रभू, आज मी एका पेला पाण्यावरून त्यांचा अपमान केला, आणि उद्याही करेन असं वाटतंय." ही पूर्ण प्रार्थना आहे.

आता झोपेबद्दल. पहिल्या राजांच्या पुस्तकात, एकोणिसाव्या अध्यायात संदेष्टा एलीया ईजबेल राणीच्या धमकीने घाबरून रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं, आता माझा जीव घे. हा तोच एलीया, ज्याने कर्मेल डोंगरावर आकाशातून अग्नी उतरवला होता. देवदूत येतो आणि त्याला उपदेश करत नाही. विस्तवावर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई देतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा म्हणतो, ऊठ, खा, वाट तुला फार लांब आहे. होरेब डोंगरावर देवाशी जे बोलणं झालं ते त्याच्या नंतर, चाळीस दिवस चालून गेल्यावर. मी हा क्रम फार गांभीर्याने घेते. आधी जेवण, झोप, परत जेवण, मग देवाशी संभाषण. प्रार्थनेला बसल्यावर तुम्हाला झोप लागते ना? मग झोपा. गेथशेमानेत शिष्य झोपले तेव्हाही येशू म्हणाला होता, आत्मा उत्सुक आहे पण देह अशक्त आहे. देह अशक्त असतो हे त्याला नव्याने सांगावं लागत नाही.

तरीही काही गोष्टी झोपेने भागत नाहीत. वेळ मिळूनही झोप लागत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच मन रमत नसेल, जेवणावरची वासना गेली असेल, किंवा "मी नसले तर सुटेन" असा विचार यायला लागला असेल, तर मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. नैराश्य हा आजार आहे. इन्सुलिन घेणाऱ्याला आपण विश्वास कमी आहे म्हणत नाही, मग नैराश्याच्या गोळीलाही म्हणायचं कारण नाही. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मरणाचा विचार मनात आला तर त्याच रात्री फोन करा आणि घरातल्या कोणालातरी उठवून सांगा. रविवारची उपासना येईपर्यंत थांबू नका.

शब्द फुटत नाहीत त्याचं काय? उसने घ्या. स्तोत्रसंहिता त्यासाठीच आहे, आणि तिच्यात तक्रारी भरपूर आहेत. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र काढून बघा. ते अंधारातच संपतं, शेवटी स्तुतीची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. बेचाळिसाव्यात माणूस स्वतःच्याच जिवाला विचारतो, तू का खिन्न झालास? वधस्तंभावर येशूनेही स्वतःचे शब्द न शोधता बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ घेतली: माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? देवाशी भांडायला आपण मराठी माणसांनी तरी लाजू नये. देहूचे तुकोबा विठ्ठलाला काय काय बोलले आहेत! ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक तर म्हणत, की आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्तापाशी पोचलो. हा पूल ओलांडून आल्यावर आपण मराठी ख्रिस्ती इतके सभ्य कधी झालो, कोण जाणे.

तेवढंही होत नसेल तर डायलिसिसच्या खुर्चीत बसल्या बसल्या प्रभूची प्रार्थना एकदा म्हणा, सावकाश. पंचहौदच्या देवळात किंवा क्वार्टर गेटच्या सिटी चर्चमध्ये जाऊन मागच्या बाकावर बसा आणि बाकीचे म्हणतात त्यात नुसते ओठ हलवा. त्या दिवशी मंडळी तुमच्या वतीने विश्वास ठेवते आहे, एवढं पुरे. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्याला चौघांनी छप्पर उसकटून खाली सोडलं. येशूने पाहिला तो "त्यांचा" विश्वास. खाटेवरच्या माणसाने काही म्हटल्याची नोंदही नाही. आणि रोमकरांच्या पत्रातला आठवा अध्याय सांगतो, की काय मागावं हेही कळत नाही तेव्हा आत्मा कण्हत आपल्यासाठी विनंती करतो. कण्हणं तर तुमचं चालू आहेच.

इथे पंडिता रमाबाईंचं नाव निघतंच, निदान पुण्यात. त्यांना आपण पोलादी बाई करून ठेवलंय, म्हणून दुसरी बाजू सांगते. दुष्काळात आई-वडील आणि बहीण गेली, मग भाऊ, मग 1882 मध्ये कॉलऱ्याने नवरा. पदरात लहान मनोरमा. वैद्यकीय शिक्षणासाठी इंग्लंडला गेल्या, पण कानांनी दगा दिला आणि ते शिक्षण सोडावं लागलं. 1883 मध्ये बाप्तिस्मा झाला. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी स्वतःच लिहिलं, की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी कळलं, मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. त्या आठ वर्षांत त्यांनी काम थांबवलं नव्हतं. विधवा आणि मुलींसाठीचं त्यांचं शारदा सदन 1889 मध्ये मुंबईत निघालं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलं, ते याच कोरड्या काळात. 1921 मध्ये मनोरमा गेली, त्यानंतर वर्ष व्हायच्या आत, 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या. अखेरचे दिवस केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये बायबलच्या मराठी भाषांतराचं काम पुरं करण्यात गेले. यावरून "बघा, दुःखातून देवाने केवढं घडवलं" असं मी तुम्हाला म्हणणार नाही. तुम्हाला केडगाव उभारायचं नाहीये, मंगळवारची फेरी पार पाडायची आहे. मला त्या आठ वर्षांत रस आहे. आत काही जाणवत नव्हतं, तरी माणूस खोटं ठरलं नाही.

आता करायचं काय. पाळकसाहेबांना फोन करा. याकोबाच्या पत्रात आजाऱ्यानेच मंडळीच्या वडिलांना बोलवावं असं म्हटलंय, म्हणजे बोलावणं तुमच्याकडून जायला हवं. त्यांना घरी येऊन प्रभुभोजन द्यायला सांगा. पाण्याच्या हिशोबात तो घोट बसतो, काळजी करू नका. त्याच वेळी बाटलीची आणि चिडण्याची गोष्टही त्यांना सांगा, यजमानांसमोर सांगितली तरी चालेल. पुष्कळदा त्यांनाही तेच सांगायचं असतं.

"प्रार्थनेत आठवण ठेवा" एवढंच म्हणून थांबू नका. लोक आठवण ठेवतातही, पण तुमच्या घरातली भांडी तशीच पडलेली असतात. काम, वार आणि वेळ सांगून मागा. "गुरुवारी दुपारी तीन ते सात यांच्याजवळ रुग्णालयात बसाल का?" "धाकट्याचं गणित घ्याल का?" तरुण संघातल्या एखाद्याकडे गाडी असेल तर महिन्यातून एक फेरी त्याला द्या. गलतीकरांच्या पत्रात एकमेकांची ओझी वाहा असं आहे, आणि तीनच ओळी खाली, प्रत्येकाने आपला भार वाहावा असंही आहे. नवऱ्यावर प्रेम करणं हा तुमचा भार, तो दुसरा कोणी उचलणार नाही. रिक्षाने नेणं-आणणं हे ओझं आहे, ते वाटून घेता येतं. पैशांचं ओझं असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा. त्यात लाज कसली?

एक गोष्ट मात्र कोणी कितीही आवेशाने सांगितली तरी ऐकायची नाही: "विश्वासाने डायलिसिस थांबवा." फेरी चुकली की रक्तात पोटॅशियम चढतं, फुप्फुसांत पाणी साठतं, हृदय बंद पडू शकतं. बरं होण्यासाठी खुशाल प्रार्थना करा, पौलासारखी तीनदा, नाहीतर तीनशेदा. ती यंत्राला जोडलेलं असतानाही करता येते.

गायनमंडळाचं विचारलंत. सोडू नका, रजा घ्या. पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, येणार नाही असं सांगा आणि कारण खरं द्या: थकले आहे. उघडं दार सोडून त्रोवसहून निघालेल्या पौलाला कोणी नावं ठेवली नाहीत. रविवारी मंडळीत बसून दुसऱ्यांचं गाणं ऐका. मधेच गावंसं वाटलं तर बाकावरूनही गाता येतं. संडे स्कूल झेपत असेल तर ठेवा. मुलं माणसाला हसवतात. नाही झेपलं तर तेही उन्हाळ्याच्या सुट्टीपर्यंत दुसऱ्याकडे द्या.

आणि त्या ज्येष्ठ बाई. त्यांच्याशी वाद घालू नका, त्यांना टाळूही नका. अशा बाया बहुधा हात राखून वागणाऱ्या नसतात. त्यांना मदत करायची असते, कशी ते कळत नाही, मग त्या कारण शोधत बसतात. त्यांना फोन करून शनिवारचा डबा मागा. आहारतज्ज्ञांनी दिलेला कागद आधी पाठवून द्या: मीठ कमी, बटाटा नको, टोमॅटो नको, भाज्या चिरून उकळायच्या आणि ते पाणी ओतून द्यायचं. डाळ किती घालायची तेही त्यात लिहिलेलं असेल, त्यांना ते वाचून दाखवा, कारण अशा बायकांचा हात डाळीला सढळ असतो.